माये नावाचं स्टेशन

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की आमच्या लीड्समध्ये घड्याळं तासभर मागे सरकवायची असतात. फोनची आणि कॉम्प्युटरची आपली आपण सरकतात. ओव्हनचं घड्याळ मात्र माझ्या वाट्याला येतं. कोणतं बटण किती वेळ दाबून धरायचं हे मी दर वर्षी नव्याने शिकते, आणि दर वर्षी त्या घड्याळाला मी एरवी पुण्यातल्या रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवलेल्या भाषेत चार शब्द ऐकवते. यंदाही ऐकवले. मग चहाचा मग घेऊन खिडकीशी उभी राहिले. शेजाऱ्यांच्या मेपलची पानं भिजून आमच्या फरशीला चिकटली होती. उजाडलं होतं, पण उजाडायची फारशी इच्छा नसल्यासारखं. अशा सकाळी मला हमखास एका रेल्वे स्टेशनची आठवण येते. ते लीड्सचं नाही आणि पुण्याचंही नाही. ते आहे जपानमध्ये, एका विद्यापीठाच्या दारात, आणि एका वर्षी हिवाळा लागता लागता ते रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येत असे.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आमची जुई, एकुलती एक, लीड्समध्येच जन्मलेली आणि वाढलेली, युनिव्हर्सिटीत जपानी शिकत होती. डॉक्टरच्या मुलीने जपानी का शिकावं, हा प्रश्न आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना पडला होता. मला पडला नव्हता, कारण मला वाटायचं की आठवडाभरात नाद सुटेल. तो सुटला नाही, आणि अभ्यासक्रमातलं एक वर्ष जपानमध्ये काढायला ती सप्टेंबरात गेलीसुद्धा. घड्याळं मागे गेली त्या सकाळी नाना टेबलाशी बसून बोटांवर हिशेब करत होते. नाना म्हणजे माझे सासरे. वीजमंडळातून रिटायर होऊन ते नाशिकहून आमच्याकडे राहायला आले होते.

"म्हणजे काल आठ तास लांब होती, आणि आज नऊ?" ते म्हणाले. "पोरगी एका रात्रीत तासभर लांब गेली की गं!"

मी हसले, पण ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं.

फोनचं तेव्हा असं होतं की जपानहून इकडे बोलणं परवडत नसे, पण इकडून तिकडे फोन केला तर तिला काही पडत नसे. म्हणून मी आमच्या वाण्याकडून, कोथिंबीर आणि भेंडीबरोबर, परदेशी फोनची कार्डं आणायची. नाण्याने खरवडून खालचा आकडा काढायचा, तो दाबायचा, मग एक बाई अतिशय गोड आवाजात तुमच्याकडे किती मिनिटं उरली आहेत ते सांगायची. ती बाई सराईत खोटारडी होती. पण तिचं बोलणं संपलं की पलीकडे घंटी वाजायची आणि मग एकदम, आमच्या गॅसशेजारी, जपान सुरू व्हायचं.

आधी वारा. मग रेल्वे फाटकाची घंटा, टण् टण् टण्, घाई नसलेली. मग शाळेतल्या पोरांचा घोळका हसत जवळून जायचा. आणि या सगळ्याच्या मध्ये जुईचं "हाय आई." तिचे तास संपायचे तेव्हा माझ्याकडे सकाळ असायची. तिच्याकडे अंधार पडत असायचा आणि माझ्याकडे उजाडत असायचं, तेही एकाच फोनवर. ती राहायची तिथून काही स्टेशनं लांब, आणि तिथल्या गाड्यांमध्ये फोनवर बोलणं म्हणजे भर लग्नात ढेकर देण्यासारखं. त्यामुळे आमचं सगळं बोलणं फलाटावरच व्हायचं, गाडी येईपर्यंत.

गाडी यायची वेळ झाली की एक बाई लाउडस्पीकरवर काहीतरी लांबलचक बोलायची आणि शेवटी स्टेशनचं नाव घ्यायची. त्या नावाचं शेपूट मला दर वेळी स्वच्छ ऐकू यायचं: "...दाइगाकु माये." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चमचा तसाच राहिला. कुणीतरी 'माये' म्हणून हाक मारत होतं! जुईला विचारलं तर म्हणाली, "आई, दाइगाकु म्हणजे युनिव्हर्सिटी, आणि माए म्हणजे इन फ्रंट ऑफ. युनिव्हर्सिटीसमोर, दॅट्स ऑल." दॅट्स ऑल तर दॅट्स ऑल. पण माझ्यासाठी त्या स्टेशनचं नाव माये पडलं ते पडलंच. नाना नाव घ्यायचे ते थेट "कॉलेजसमोर" असं. "कॉलेजसमोरहून फोन आला का?" जसं काही तो नाशिकमधला एखादा बसस्टॉप होता.

मी ते स्टेशन कानांनी पाहिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी डोळ्यांनीही पाहिलं, आणि खरं सांगायचं तर निराश झाले. एवढासा फलाट, गंजत आलेलं पत्र्याचं छप्पर, कोल्ड्रिंकची दोन मशिनं, सायकलींची रांग. माझ्या कानातलं स्टेशन केवढं तरी मोठं होतं. मग मी बाकावर बसून डोळे मिटले, आणि फाटकाची घंटा वाजायला लागली, तेव्हा कुठे ओळख पटली. नवरा म्हणाला, "झोपलीस काय?" त्याने असं विचारावं! अविनाश भूलतज्ज्ञ आहे. लोकांना झोपवणं हा त्याचा धंदा आणि स्वतः कुठेही झोपणं हा छंद.

पण त्या नोव्हेंबरात हसू कमी होतं. कारण माझ्या लवकरच लक्षात आलं की गाडी येते, दारं उघडतात, गाडी सुटायचा सूर वाजतो, दारं मिटतात, गाडी जाते, आणि जुई फोनवरच असते.

"अगं, गाडी गेली ना तुझी?"

"पुढची घेईन."

पुढचीही जायची. तिला खोलीवर जायचंच नसायचं. वर्गातल्या मुलींशी बोलायला गेलं की त्या गोड हसायच्या आणि निघून जायच्या. खोलीत गेलं की भिंती. एका सकाळी दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत ती म्हणाली, "आई, मला घरी यायचंय. ख्रिसमसला आले ना, की परत नाही जाणार. आय कान्ट डू अ होल इयर ऑफ धिस." मला म्हणाली की डिपार्टमेंटला वर्ष संपायच्या आत सांगावं लागेल, जपानी सोडून दुसरं काहीतरी घेता येईल.

मी तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक "बघू" म्हटलं असेल. आया "बघू" म्हणतात. मला काय वाटत होतं ते मात्र पक्कं आठवतंय. ती यावी असं वाटत होतं. इतकं वाटत होतं की मी तिच्या खोलीतल्या चादरी बदलून टाकल्या, नोव्हेंबरात! आणि ती येऊ नये असंही तेवढंच वाटत होतं, कारण जी पोर पाचवीत असताना भिंतीवर जपानी अक्षरं चिकटवत होती तिने एकटं वाटतं म्हणून ते सोडून दिलं, तर पुढे तिला स्वतःचाच राग आला असता. एकाच मनात दोन्ही. एका सकाळी तर "ये बाई, ये" अगदी जिभेवर आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं. दुधाचे माझ्यावर उपकार आहेत.

तिच्या दिवसातली एकच जागा बरी होती. फलाटाला चिकटून नूडल्सचं एक दुकान होतं, चार-सहा जणांपुरतं. ते चालवणाऱ्या बाईंना जुई ओबासान म्हणायची, म्हणजे मावशी. म्हणून आमच्या घरी त्या नूडलमावशी. पहिल्याच दिवशी जुईने वाकून आपलं नाव सांगितलं, "जुई देस." मावशींचा चेहरा एकदम खुलला. त्या आत गेल्या आणि एक म्हातारं, एका डोळ्यातून पाणी गळणारं मांजर आणून त्यांनी जुईच्या पुढ्यात ठेवलं. जपानीत 'जूई' म्हणजे गुरांचा डॉक्टर! मावशींना वाटलं, पोरगी सांगतेय की मी जनावरांची डॉक्टर आहे. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. "मी त्याच्या डोळ्यात बघितली आणि सीरियसली मान हलवली. काय करणार?" अविनाशने हॉस्पिटलातून येऊन हे ऐकलं आणि म्हणाला, "चला, घरात अजून एक डॉक्टर झाला."

नानांना वेगळीच काळजी. "त्या नूडल्सचं सार कशाचं असतं?"

"डाशी असते, नाना," जुई फोनवरून म्हणाली.

"डासांचं?" नाना हादरले. ते माशांचं असतं हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं, आणि आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसाला माशांमुळे हायसं वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता नानांच्या शिकवणीबद्दल सांगायला हवं. जुई जायला निघाली तेव्हा मँचेस्टरच्या विमानतळावर तिने नानांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नाना, मी जातो."

"जातो काय? जाते!" नाना म्हणाले. "आणि जाते पण नाही. जाते कधी म्हणू नये. येते म्हणावं."

"पण मी तर जातेय, नाना."

"म्हणूनच येते म्हणायचं."

दोन शब्दांत दोन चुका निघाल्यामुळे असेल, पण हा धडा पोरीच्या मनात पक्का बसला. इतका की नूडलमावशींच्या दुकानातून निघताना ती रोज दारात वळून, वाकून, जपानीत तेच म्हणायला लागली. जपानीत येण्याला 'किमास' म्हणतात. ती म्हणायची "किमास", म्हणजे येते, आणि निघून जायची. मावशी आधी दाराकडे बघायच्या, मग तिच्याकडे, आणि मान डोलवायच्या.

काही दिवसांनी जुईने सांगितलं की तिच्या पुढ्यात आता पाण्याचे दोन ग्लास येतात. एक तिच्यासमोर, एक शेजारच्या रिकाम्या जागेसमोर. चॉपस्टिक्ससुद्धा. आम्ही तिघं या दुसऱ्या ग्लासावर कितीतरी दिवस चर्चा करत होतो. अविनाशचं मत, दुकानाची जाहिरात असेल. नानांनी मात्र एका दमात निकाल लावला. "चित्राहुती! आपण जेवायच्या आधी ताटाबाहेर भाताची शितं ठेवून पाणी सोडतो ना, तसलंच काहीतरी. बघ, जुने लोक आहेत ते." त्यांनी जुईला फोनवर ताकीदही दिली की त्या ग्लासाला हात लावायचा नाही. ती बिचारी रोज त्या ग्लासाला मनातल्या मनात नमस्कार करून जेवायची.

मग ती पावसाची संध्याकाळ आली. इकडे अर्थात सकाळ. मी फोन लावला तर पलीकडे वारा, पाऊस, घंटा, आणि जुई हसतेय. हसतेय म्हणजे अशी की बोलताच येत नाही. त्या स्टेशनवरून मी तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला आधी कळेचना की हा आवाज कसला.

"आई, आई, ऐक ना. ओबासान त्या मुलीला इतका ओरडला!"

"कुणाला? आणि ओरडला नाही, ओरडल्या."

"ओरडल्या. हारुकाला. ती फक्त तिचा छत्री शोधायला आली होती!"

झालं होतं ते असं. हारुका नावाची एक विद्यार्थिनी आदल्या दिवशी दुकानात छत्री विसरली होती. ती पावसात भिजत आत आली आणि दारात उभी राहून इकडेतिकडे बघायला लागली. मावशी कढईमागून ताडकन बाहेर आल्या आणि त्यांनी तिला फैलावर घेतलं. आलीस एकदाची! लाज नाही वाटत? ही बिचारी परदेशी पोर रोज जाताना सांगून जाते की येणार आहे, येणार आहे, मी रोज तुझ्यासाठी पाणी ओतून ठेवते, आणि तुझा पत्ता नाही! हारुकाला यातलं अवाक्षर कळलं नाही. पण तिथली रीत अशी की कुणी रागावलं तर आधी माफी मागायची आणि मग कशाबद्दल ते विचारायचं. तिने वाकून वाकून माफी मागितली आणि मुकाट्याने दुसऱ्या ग्लासापुढे बसली.

घोटाळा सगळा त्या 'किमास'चा. आपल्याकडे 'येते' म्हटलं की कोण येते, बाई की बुवा, ते त्या शब्दाच्या शेपटातच असतं. जपानी क्रियापदाला शेपूट नाही. किमास म्हणजे नुसतं येणं. मी, तू, ती, कुणीही. जाणारं माणूस स्वतः येण्याची गोष्ट करणार नाही, तेव्हा ती कुणातरी मैत्रिणीबद्दलच बोलत असणार, असं मावशींनी धरलं. आणि ती मैत्रीण रोज दगा देतेय म्हणून त्या रोज मनातून जळत होत्या.

"मग हारुकाने मला विचारलं, हू इज कमिंग?" जुई सांगत होती. "मी म्हटलं, मी! ती म्हणाली, बट यू आर गोइंग. मी म्हटलं, येस, पण आम्ही तसं म्हणत नाही!"

हारुकाही लांबची होती, उत्तरेकडच्या बर्फाळ बेटावरची. तीही एकटीच जेवत होती, मावशींच्या त्याच दुकानात, फक्त वेगळ्या वेळी.

नानांनी माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "मग ते लोक निघताना म्हणतात तरी काय?"

"इत्ते किमास, नाना. म्हणजे... जाऊन येते."

नानांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि मला म्हणाले, "अगं, हे तर आपलंच!" त्यांना इतका आनंद झाला की पुढचे कित्येक दिवस इथल्या मराठी मंडळात जो भेटेल त्याला ते हे सांगत होते. आपण तिकडून आलो की ते इकडून गेले, एवढंच काय ते ठरायचं बाकी होतं.

पण हारुकाने एक गोष्ट बजावली होती. हे फक्त स्वतःच्या घरातून निघताना म्हणतात, दुकानातून नाही. जुईने ते मावशींना विचारलं. मावशींनी हात पुसले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, म्हण, चालेल. आणि त्या दिवसापासून जुई दारात "इत्ते किमास" म्हणाली की कढईमागून उत्तर यायचं, "इत्तेराश्शाइ." जाऊन ये. हे मला जुईने सांगितलं तेव्हा मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांना पाणी का आलं त्याचा खुलासा कुणालाच द्यावा लागला नाही.

त्यानंतर डिसेंबर भराभरा गेला. फोनवर आता जुईच्या मागे अजून एक आवाज असायचा, बारीक, खिदळणारा. गाडी आली की "आई, गाडी आली, ठेवते" म्हणून पोरगी मोकळी. हेच तर हवं होतं! तरी मी बंद फोनकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, वा गं वा, मी इथे गॅस बंद करून बोलतेय आणि हिला साधी एक गाडी सोडवत नाही. माणसाचं मन मोठं लबाड असतं, आणि आईचं तर काही विचारू नका. परत जाणार की नाही, याचं उत्तर मात्र ती देईना. "घरी आल्यावर बोलू," एवढंच.

ख्रिसमसला ती आली. बारीक झाली होती, केस कापले होते, आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती, आमच्या पोस्टमनलासुद्धा. पहिले दोन दिवस झोपून काढले. अविनाश म्हणाला, "काही विचारू नकोस." नाना म्हणाले, "काही विचारू नकोस हो." मी कशाला विचारतेय? मी फक्त तिच्या खोलीवरून जरा जास्त वेळा जात होते. घरात आम्ही तिघं असे वावरत होतो की जणू कुणाचा तरी निकाल लागायचा आहे. बाहेर धुकं, आत हीटर, आणि टेबलाशी आवाज न करता चकली खायचा प्रयत्न करणारे तीन मोठे लोक.

शेवटी एका दुपारी मी इस्त्री करत होते, आणि ती कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होती. रबरी गरम पाण्याची पिशवी हातात घेऊन ती बाहेर आली.

"आई, ही मी नेऊ का? घरी रात्री खूप थंडी असतो गं."

माझी इस्त्री तशीच थांबली. "घरी?" मी म्हटलं. "इथे तर हीटिंग आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेव्हाच ऐकू आलं असावं. "आय मीन, तिकडे," ती म्हणाली, आणि मग थोडं लाजून, थोडं हसून, "हो. घरी."

मी म्हटलं, "ने." अजून काय म्हणणार? 'थंडी असते' म्हणायचंसुद्धा राहून गेलं. ती जिन्याने वर गेली, आणि मी इस्त्री बाजूला ठेवून पुण्याला आईला फोन लावला.

"काय गं, अशी अवेळी?" आई घाबरली.

"काही नाही. जुई आज जपानला घर म्हणाली."

आई इतकी हसली, इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तू पहिल्यांदा माहेरपणाला आलीस आणि 'घरी गेल्यावर पडदे शिवायचेत' म्हणालीस ना, लीड्सबद्दल," ती म्हणाली, "तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते. नळ सोडून. तुला कळलं पण नाही."

"मग?"

"मग काय? तोंड धुतलं आणि तुझ्या बॅगेत लोणच्याची अजून एक बरणी भरली."

मी फोन ठेवला, तोंड धुतलं, आणि फडताळात मागे सरकलेली लोणच्याची मोठी बरणी काढायला स्टुलावर चढले.